माझ्या नावाला बाप नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाखेची डबी आहे. आज माझा रंग उडाला आहे, झाकणही नीट बसत नाही; पण एके काळी मी जास्वंदीसारखी लाल होते. माझं माहेर समुद्रापल्याड, ब्रह्मदेशात. तिथे बांबूच्या बारीक कामट्या विणून माझं अंग घडवलं, त्यावर झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवले आणि दर थरानंतर मला गार तळघरात वाळवलं.

माझी मालकीण मा खिन. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं होतं. त्याच्या घरची शिवणटिपण करायला ती पोरवयात इथे आली, तेव्हा मी तिच्या काखेत होते. पुढे राजा वारला, परिवार मायदेशी गेला. खिन मात्र राहिली. तिकडे तिचं कोणी उरलं नव्हतं. इकडे येसूबाई होती.

येसूबाई म्हणजे नारळ आणि कोकमाची सोलं विकणारी शेजारीण. दोघींना कीर्तनाचं भारी वेड. आमचं घर देवळामागेच होतं. कीर्तनकार आप्पाबुवा उभे राहिले की खिन खांबाशी जाऊन बसे. अर्धं कळे, अर्धं न कळे, पण टाळी कशी ठेक्यात पडे! कीर्तनाला येणाऱ्या बायका माझ्यावरून हात फिरवीत आणि म्हणत, "काय गो देखणी डबी!"

एका चैत्रात आळीतली माडाच्या झापांच्या छपराची घरं जळाली. खिनची आयुष्याची कमाई माझ्या पोटात, आणि मी तर लाखेची!

"खिने, बँकेत ठेव गो," येसूबाई म्हणाली. "डबीचा भडका उडाला तर म्हातारपनी काय खाशील? माती?"

गावात नवी बँक निघाली होती. दोघी तिथे गेल्या. महिपतराव कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाव?"

"मा खिन."

"मा? कोणाची मा?" बाकावरचे लोक फिसकन हसले.

"आमच्यात मा म्हणजे बाई."

"बरं. सौभाग्यवती लिहू की गंगाभागीरथी?"

खिनने लग्नच केलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली.

"मग काय, कुमारी?" आता बाक हलू लागला. "अगो, पुरतं नाव सांग! बापाचं नाव लाव, आडनाव लाव."

मित्रांनो, ब्रह्मदेशात आडनाव नसतं. बापाचं नावही लेकराच्या नावाला जोडत नाहीत. ज्याचं नाव त्याचं. पण एवढं सांगायला खिनजवळ मराठी पुरेना. तिने शब्द जुळवले आणि खणखणीत सांगितलं, "माझ्या नावाला बाप नाही."

हशाचा असा लोट उठला की माझ्या पोटातले रुपयेही लाजेने गोठले. आणि येसूबाई! तिनेही तोंडाला पदर लावला. पण पदराने खांदे कुठे झाकतात? ते गदगदताना खिनला दिसले.

"हिची ओळख कोण देतंय?" महिपतरावांनी विचारलं. येसूबाईला हसण्यातून शब्द फुटेना. खिनने मला छातीशी धरलं आणि ती बाहेर पडली.

वाटेत तिने विचारलं, "काय चुकलं माझं?" येसूबाईने जमिनीकडे बघत अर्थ सांगितला. खिन जागीच थांबली.

"मला बाप नाही, असं मी म्हटलं? चारचौघांत?" आणि मग अगदी हळू, "आणि तू हसलीस."

त्या दिवसापासून खिनचं दार येसूबाईला बंद झालं. कीर्तनही सुटलं. येसूबाई सोलकढी घेऊन येई आणि ती तशीच परत नेई. अखेर तिने आप्पाबुवांच्या पायाशी जाऊन झाला प्रकार सांगितला, हे मला मागाहून कळलं.

त्याच संध्याकाळी बुवांचा आवाज भिंत ओलांडून आमच्या घरात आला. "मायबापहो, विठोबाचं आडनाव काय?" खसखस पिकली. "बरं, बापाचं नाव?"

"वसुदेव!" कोणी ओरडलं. "नाही, नंद!" दुसरा म्हणाला.

"एकदम दोन बाप? मग हसा की विठोबालाही!" बुवांचा आवाज चढला. "नुसतं नाव तारतं, म्हणून आपण टाळ कुटतो. आणि कोणी नुसतं नाव घेऊन दारात आलं, की त्याची टर उडवतो!"

टाळकऱ्यांत महिपतरावही होते. त्यानंतर त्यांचा टाळ वाजला नाही, असं म्हणतात.

सकाळी येसूबाई दारात उभी. "मार मला, पन बँकेत चल."

"बुवा माझ्यासाठी बोलले?" खिनने आतून विचारलं.

"माज्यासाटी गो. पाप माजं."

खिनने कडी काढली. मग तिने मला उचललं.

बँकेत महिपतरावांनी मान वर केली नाही. "बसा बाई. वडिलांचं नाव?"

प्रश्न तोच होता, मित्रांनो. 'बाप' जाऊन 'वडील' आले, एवढंच. खिन ताठ बसली. "ऊ ठा. लाखेचं काम करायचे."

"ओळख देणारीचं नातं?"

येसूबाईचा अंगठा शाईत बुडालेला. खिनच म्हणाली, "बहीण लिहा." तो शब्द ऐकून येसूबाई खिनकडे वळली आणि ठसा फरकटला, दुसरा घ्यावा लागला.

मी रिकामी झाले. काही वर्षं बटणं सांभाळली, मग नुसती धूळ. खिन गेली ती कोणाच्या उपकाराखाली न राहता, स्वतःच्या पैशांवर. आता मी येसूबाईच्या फळीवर असते. "कोणाची गो ही?" असं कोणी विचारलं की ती "बहिणीची" म्हणते आणि तोंड फिरवते. खिनने तिला क्षमा केली. येसूबाईला मात्र स्वतःला क्षमा करता आली नाही.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लावू नका, एवढंच माझ्या देहाचं मागणं. आणि परक्या मुलखातलं कोणी दारात आलं, तर आधी गूळपाणी द्या, मग नाव विचारा. तो जेवढं सांगेल, तेवढंच पुरतं समजा.