चोपणाचा बांध

बंदुकीचा दस्ता सेनोबियोच्या जबड्यावर बसला तेव्हाचा आवाज निकासियाने बांधाच्या माथ्यावरून ऐकला. वाळलेले ढेकूळ दगडावर आपटून फुटावे तसा तो होता. तिचा धाकटा भाऊ गुडघ्यांवर आला, दोन्ही हात भुईला टेकून त्याने तोंडातले रक्त आणि दात करड्या मातीवर थुंकले. मातीने ते रक्त आत घेतले नाही. वरचा कडक थर काहीच शोषत नसे. लाल थेंब उन्हात चकाकत तसेच राहिले.

"पाणी कुणाचं म्हणालास?" ओलमोसने दस्ता विजारीला पुसत विचारले. "पुन्हा सांग. मला नीट ऐकू आलं नाही."

"आमचं," सेनोबियो म्हणाला. शब्दापेक्षा रक्ताचा बुडबुडाच अधिक बाहेर आला.

"ह्याच्या घराण्यात बोलायची भारी हौस," ओलमोस आपल्या सोबत्यांकडे वळून म्हणाला. "पोरगाही असाच होता. शेवटपर्यंत बोलत होता." आणि त्याने सेनोबियोच्या बरगडीत लाथ घातली. घाई न करता, नेम धरून.

तुकुमान शहरातून आणलेले दोघे भाऊ हसले. चौथा हसला नाही. तो घोड्यांचे लगाम धरून उभा होता आणि बांधाकडे पाहण्याचे टाळत होता. त्याचे नाव देल्फोर. बाप्तिस्म्याच्या दिवशी निकासियाने त्याला हातांवर धरले होते, आणि त्या नात्याने तो तिला माद्रीना, म्हणजे धर्ममाता, म्हणत असे. निदान कंपनीची बंदूक खांद्याला लावण्यापूर्वी म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात जमीन बळकावणाऱ्या कंपनीने वस्तीच्या चराऊ रानातून तारेचे कुंपण ओढले, तेव्हा ह्याच माणसांनी शेळ्यांचा सगळा कळप त्या तारेशी कोंडून गोळ्या घातल्या. सेनोबियोचा एकुलता मुलगा लिसांद्रो मध्ये उभा राहिला. गोळी पोटात लागली. दुपारी पडलेला तो दिवेलागणीला गेला. त्याचा खड्डा खणताना कुदळ चालली नाही, पहार घ्यावी लागली. ठाण्यातून कोणी आले नाही. त्यानंतर एकेक घर गाडीवर चढून सालादो नदीच्या पलीकडे नातलगांकडे गेले. मागे राहिली ही दोघे भावंडे आणि हे तळे. काल पावसाने तळे काठोकाठ भरले होते. त्याची वार्ता एव्हाना नदीपार पोहोचली असणार, आणि उद्या सकाळी माणसे गुरांसह परतणार, हे जसे निकासियाला ठाऊक होते तसे ओलमोसलाही होते. त्यासाठीच तो आला होता. परतणाऱ्यांना तळ्यावर चार बंदुका दिसाव्यात आणि पुढचे पुढे.

निकासिया खाली उतरली. डोक्याचा रुमाल सोडून तिने भावाचा जबडा वर उचलला आणि टाळूवर गाठ मारली. कोणी तिला अडवले नाही.

"घट्ट बांध, म्हातारे," ओलमोस म्हणाला. "बोलणं बंद होईल तेवढं बरं. आणि ती उरलेली करडी कुठं बांधलीय? आम्हाला भूक लागलीय."

त्यांनी करडू कापले, भाजले, त्याबरोबर आणलेली दारू प्याले आणि सूर्य डोक्यावर आला तसे सावली शोधू लागले. सावली एकच होती. बांधाच्या पायथ्याशी जुन्या ओढ्याच्या कोरड्या घळीत अल्गारोबोचे पुराणे झाड होते. त्याखाली खोगिरे उशाला घेऊन चौघेही आडवे झाले. एक म्हातारी आणि एक जबडा फुटलेला मनुष्य एवढ्यांसाठी पहारा ठेवावा असे कोणालाच वाटले नाही.

भावाला बांधावरच्या झोपडीच्या सावलीत टेकवून निकासिया माथ्यावरून चालू लागली. तळे भरल्यावर बांध चालून पाहावयाचा, हा तिचा आयुष्यभराचा नेम होता. झाडाच्या बरोबर वर येताच तिची पावले थांबली. खाली पायथ्याशी, झोपलेल्यांच्या डोक्यापासून चार पावलांवर, एक ओला डाग होता. ती घसरत उतरली, ओणवी झाली, आणि डागाच्या मध्यातून बोटाएवढी धार निघताना तिने पाहिली. धार दुधासारखी पांढुरकी होती. तिने ती बोटांत चोळली, साबणासारखी बुळबुळली.

स्वच्छ पाझराचे भय नसते. स्वच्छ पाझर म्हणजे बांधाने टाकलेला निःश्वास. परंतु गढूळ पाझर आपल्याबरोबर बांधच वाहून नेत असतो.

त्या प्रदेशातील चोपण मातीचा स्वभाव असा, की कोरडी असता ती पाषाण आणि भिजली असता पेज. विहिरीचे मचूळ पाणी ती निमूटपणे सहन करी. खाऱ्याला खारे ओळखत असावे. पण आकाशातून उतरलेले गोड, निर्मळ पाणी तिच्या भेगेत शिरले की तिचा कण कणापासून सुटे आणि ती आतल्या आत विरघळू लागे. म्हणूनच पूर्वजांनी तिला तुडवण्याचा संस्कार लावून दिला होता. बांधावर मातीचा थर पडला की तो ओला करावयाचा आणि त्यावरून शेळ्यांचा कळप इकडून तिकडे, तिकडून इकडे हाकावयाचा. लहान, टोकदार खुरांनी थर असा मळला जाई की मग वर्षानुवर्षे तेथे पाणी वाट शोधून थके. गेल्या हिवाळ्यात, घरे उठण्यापूर्वी, बांध उंचावला तेव्हा थर टाकायला माणसे होती, भिजवायला पाणी होते. तुडवायला शेळ्या नव्हत्या.

ती वर आली तेव्हा सेनोबियो तिच्या हातांकडे पाहत होता. पांढरी झालेली बोटे त्याने ओळखली.

"गप्प बस, आक्का," तो दातांतून म्हणाला. रुमालामुळे ओठच तेवढे हलले.

"खाली देल्फोर आहे."

"लिसांद्रो पडला त्या दिवशी घोडे कुणी धरले होते?"

निकासियाने तळ्याकडे पाहिले.

"पाणी जाईल सगळं," ती म्हणाली. "उद्या ती माणसं येतील ती कशासाठी?"

"जाऊ दे. ह्यांना घेऊन जाऊ दे."

त्याचे डोळे कोरडे होते आणि खालच्या झाडावर लागलेले होते. निकासिया उठली. जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला.

देल्फोर कडेला झोपला होता. तिने वाकून त्याच्या तोंडावर तळवा ठेवला आणि दुसरा, ओला तळवा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तो क्षणभर गोंधळला. मग त्याने तिच्या हाताला बोट लावले आणि ते आपल्या अंगठ्यावर घासले, लहानपणी शिकवले होते तसेच.

"कधीपासून?" तो पुटपुटला.

"रात्रीपासूनच असेल."

"फुटेल?"

"मला काय विचारतोस? बांध तुडवताना कळपामागं काठी घेऊन तूच असायचास." ती उभी राहिली. "खोगीर उचल आणि वर ये. तेवढंच सांगायला आले होते."

ती मागे न पाहता चढली. माथ्यावर पोहोचून वळली तेव्हा देल्फोर अजून खालीच होता, आणि त्याने खोगिराला हात लावला नव्हता. तो तुकुमानच्या भावांजवळ उकिडवा बसला होता. त्याने एक बंदूक उचलली, मग दुसरी. ओलमोसची त्याच्या काखेत होती. देल्फोरने ती इंच इंच ओढली.

"काय रे?" ओलमोसने डोळे किलकिले केले.

"ऊन आलंय हिच्यावर. तापली तर हातात धरवणार नाही. सावलीत ठेवतो."

"आईसारखा जीव लावतोस," ओलमोस म्हणाला आणि कुशीवर वळला.

देल्फोरने सगळ्या बंदुका वर आणून निकासियाच्या पायाशी ठेवल्या. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. सेनोबियो सरपटत आला, त्याने त्यांतली एक उचलली, खटका चढवला, आणि नळी देल्फोरच्या छातीला लावली. देल्फोर हलला नाही.

"मार," तो म्हणाला. "पण आधी हे तळं धरू दे. नंतर मी कुठं जातोय?"

नळी खाली आली.

"माद्रीना," देल्फोर म्हणाला, "हाक मारू त्यांना? की राहू दे?"

वारा नव्हता. बांधाच्या आतल्या अंगाला, काठाशी, पाण्यावर ताटाएवढा भोवरा फिरत होता आणि वाळलेले एक पान त्यात गरगरत होते. निकासियाने पान आत ओढले जाईपर्यंत वाट पाहिली.

"ओलमोस," तिने खाली हाक दिली. आवाज चढवला नाही. "बांध फुटतोय. बूट काढून वर या. तिघंही."

तुकुमानचे दोघे उठले, बंदुकांसाठी चाचपले, आणि वर पाहताच त्यांनी हात उंचावले. ओलमोस मात्र उठला तोच सुरा घेऊन. त्याने बांधावर लाथ मारून पाहिली. बाहेरून बांध लोखंडासारखा खणखणला.

"फुटतोय म्हणे," तो हसला. "कुणाला बनवतेस?" आणि तो चढ चढू लागला, सरळ देल्फोरवर.

सेनोबियोने गोळी झाडली. ओलमोसचा सुरा उडाला आणि त्यासह दोन बोटे. तो चढावर बसला, हाताकडे पाहत राहिला, आणि मगच ओरडला. घोडे दावी तोडून रानात पळाले.

"दुसरी डोक्यात," सेनोबियो म्हणाला.

"थांब," निकासिया त्याच्यापुढे आली. "मला पाय हवेत. जेवढे असतील तेवढे."

सेनोबियोने बहिणीकडे पाहिले, मग भोवऱ्याकडे.

"बरं," तो म्हणाला. "पाणी निवळेपर्यंत. निवळलं की हा माझा."

ओलमोसच्या हाताला तिने त्याच्याच सदऱ्याची पट्टी आवळून बांधली. मग चौघांनाही भोवऱ्याच्या तोंडाशी पाण्यात उभे केले. देल्फोरने काटेरी झुडपे तोडून टाकली, त्यावर ओल्या मातीचे ढीग ओतले; निकासियाने झोपडीतून चुन्याची गोणी आणली, वस्तीच्या चर्चला पांढरा हात देण्यासाठी ठेवलेली, आणि चुना मुठींनी चिखलात पेरला. ही माती चुन्यापुढे हट्ट सोडते. मग एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ते तुडवू लागले.

"टाच आधी," निकासिया म्हणाली. "नाचायला आला नाहीत."

"शेळ्या राखाव्या लागू नयेत म्हणून आईनं शाळेत घातलं होतं," तुकुमानचा धाकटा धापा टाकत म्हणाला.

"फुकट गेलं," थोरला म्हणाला. "तुला तर शेळीचंही जमत नाहीये. पाय उचल."

ओलमोस पडला की देल्फोर त्याला काखेत धरून उभा करी. एकदा तो देल्फोरच्या तोंडावर थुंकला. देल्फोरने कोपराने पुसले आणि पाय चालू ठेवले. चिखल पोटरीपर्यंत चढला, गुडघ्यापर्यंत, आणि प्रत्येक पाऊल उपटताना माती ते जिभेसारखे चाटून सोडी. चुन्याने कातडी सोलवटली. सेनोबियो माथ्यावर बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. ते मंदावले की तो नळीने नुसती खूण करी. एकदा तुकुमानचा थोरला गुडघ्यांवर कोसळला तेव्हा गोळी त्याच्या शेजारच्या चिखलात घुसली, आणि तो उठला.

भोवरा आधी बशीएवढा झाला, मग वाटीएवढा, मग पाणी सपाट झाले. ऊन तिरपे होऊन घळीत लांब सावल्या पडल्या होत्या. निकासिया पत्र्याचा मग घेऊन पायथ्याशी उतरली. धार आता सुतासारखी बारीक होती. तो मग भरायला वेळ लागला. भरल्यावर तिने तो पश्चिमेकडे तोंड करून उजेडात धरला.

मगाच्या बुडाचा गंज दिसत होता. गंजातला टाचणीएवढा खळगादेखील दिसत होता. पाणी निवळले होते.

"काय म्हणतंय?" वरून सेनोबियोचा आवाज आला. पाठोपाठ खटक्याचा आवाज आला.

निकासियाने वर पाहिले; तळे काठोकाठ असल्याने माथ्यापलीकडे पाण्यात उभ्या चौघांची डोकी आणि खांदे दिसत होते. चिखलाने करड्या झालेल्या त्या आकृतींत कोण कोणता हे आधी ओळखू येईना. मग एकाने मान वर केली, तो ओलमोस होता. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दयेची याचना नव्हती, थकवा होता. लिसांद्रोचा चेहराही शेवटच्या घटकेला असाच झाला होता. तो आठवल्याने तिच्या मनात ओलमोसविषयी काहीही हळुवार उमटले नाही. ती तरीही वाकली. पायथ्याची, चुना न पोहोचलेली चिमूटभर माती तिने उचलली आणि मगात सोडली. बोटाने एक फेरा दिला. गोड पाण्यात एकदा उठलेली ही माती दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत तळाशी बसत नाही.

ती सावकाश चढून भावासमोर उभी राहिली आणि तिने तो मग पुढे केला.

सेनोबियोने तो दोन्ही हातांनी घेतला. दुधाळ पाण्यात त्याने बराच वेळ पाहिले. मग त्याची नजर मगावरून तिच्या उजव्या हातावर गेली. तर्जनी आणि अंगठा करडे, ओले होते. रुमालाखाली त्याचा सुजलेला जबडा काहीसा हलला, जणू तो शब्द चघळून पाहत होता. दूर नदीच्या दिशेला कोणाच्या तरी कुत्र्याचे भुंकणे ऐकू येत होते.

त्याने तो मग आपल्या शेजारी भुईवर ठेवला आणि खटका हळूच उतरवला.

"गढूळ आहे," तो त्या चौघांना म्हणाला. "तुडवा."