केळापूर तालुक्यातले चार दिवस

पांढरकवड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा संघदीप नगराळे पीएच.डी. कशावर करतोय हे कळलं की स्टाफरूममधले लोक आधी हसत आणि मग त्याच्याकडे जरा संशयाने बघत. भारत आणि अर्जेंटिना या दोन देशांनी एकमेकांकडे पाठवलेल्या राजदूतांचा इतिहास, असा त्याचा विषय होता. इथलं कोणी त्या देशात गेलेलं नाही, तिकडचं कोणी इथे येत नाही, मग या मास्तरला त्यातून काय मिळणार? आणि दिल्लीच्या एवढ्या चकरा कशासाठी? खरं कारण साधं होतं. अमरावतीच्या मार्गदर्शकांनी पाच विषय पुढे ठेवले होते. चार इतरांनी उचलले, उरलेला संघदीपच्या वाट्याला आला. पण पुढे तो त्यात पुरता गुंतला. कोणता राजदूत कधी आला, कोणाला इथलं ऊन सोसलं नाही, कोणाची नेमणूक मधेच का संपली, हे तो जेवताना बायकोला, जयाला सांगायचा आणि ती भाकरी वाढता वाढता ऐकून घ्यायची.

तिसऱ्या वर्षी दिल्लीच्या एका दफ्तरखान्यात त्याच्या हाती एक पातळशी फाइल आली. होरासिओ बेनावीदेस नावाच्या राजदूताची. जानेवारी १९७६ मध्ये नागपूरकडची कापसाची शेतं बघून हे गृहस्थ पत्नीला घेऊन मोटारीने हैदराबादला निघाले होते. रात्रीच्या जेवणाला पोहोचायचे, ते पोहोचले चार दिवसांनी. कुठे होतो ते सांगायला त्यांनी आणि त्यांच्या ड्रायव्हरनेही नकार दिला. नागपुरात त्यांना संशोधनातल्या नव्या वाणाच्या कपाशीच्या सात छोट्या पिशव्या नमुन्यादाखल, परत करायच्या बोलीवर दिल्या होत्या. हैदराबादला गाडीत एकही पिशवी नव्हती. आणि खाली लिहिलं होतं, गाडी शेवटची दिसली ती केळापूर तालुक्यात.

संघदीपने ती ओळ पुन्हा वाचली. केळापूर म्हणजे त्याचाच तालुका. त्याच्या घरापासून तो हैदराबादचा हमरस्ता चालत दहा मिनिटांवर होता.

पुढच्या पानावर चौकशीचा अहवाल होता. आणीबाणीचे दिवस, परक्या देशाचा माणूस, सरकी असलेली कपाशी गायब. साध्या वेशातली दोन माणसं तालुक्यात तीनदा येऊन गेली होती. हाती काही लागलं नव्हतं. फक्त सावळपोड नावाच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीत एका बाईकडे परदेशी घोंगडी सापडली होती. विचारल्यावर ती म्हणाली, रस्त्यावर पडली होती. बाईचं नाव मानी. त्याच वर्षी मे महिन्यात बेनावीदेसना माघारी बोलावलं गेलं आणि त्यानंतर त्यांना कुठेच नेमलं नाही.

संघदीपला वाटलं, सापडलं. हा माणूस बियाणं चोरून कोणाला तरी देत होता, आणि देवाणघेवाण आपल्या गावाजवळ झाली होती. घरी येऊन त्याने महिनाभर खटपट केली आणि ब्यूनोस आयर्सला राहणाऱ्या बेनावीदेसच्या मुलीचा, इनेसचा, ईमेल पत्ता मिळवला. त्याने नम्रपणे लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. माझे वडील मरेपर्यंत लोक त्यांना चोर म्हणत राहिले. त्यावर आम्ही बोलत नाही. तुम्ही कोण आहात आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, ते मला कळत नाही. पुन्हा लिहू नका.

सावळपोड रस्त्यापासून चार किलोमीटर आत, जंगलाला लागून होतं. मानीबाई हयात होती. तिचा मुलगा राजकुमार ग्रामपंचायतीचा सदस्य, पन्नाशीला आलेला. संघदीपने जुना इतिहास, राजदूत, संशोधन असं सगळं सांगितलं. राजकुमारने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तो फॉरेस्टकडून आलाय का. नाही म्हटल्यावर विचारलं, वनहक्काच्या पट्ट्याच्या जमिनीचं काही आहे का. संघदीपने कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. राजकुमारने त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि आई बाहेरगावी गेली आहे असं सांगितलं. ती समोरच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा गेला, तेव्हा राजकुमार घरी नव्हता. म्हातारी सत्तरीच्या पुढची, पण ताठ बसलेली. कानही ठीक होते. संघदीपने विचारलं की फार वर्षांपूर्वी इथे कोणी मोटारवाला पाहुणा अडकला होता का. तिने मान हलवली. काही आठवत नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने, न विचारता, म्हणाली की या रस्त्याने गोरी माणसं कधी आलीच नाहीत.

गोरा हा शब्द संघदीपने उच्चारला नव्हता.

परतताना त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. ही बाई पन्नास वर्षं काहीतरी लपवतेय. तिला काय दिलं असेल? घोंगडीखेरीज आणखी काय? त्या आठवड्यात त्याने प्रकरण लिहून काढलं. राजदूताने संशोधनाचं बियाणं हेतुपुरस्सर बाहेर पोहोचवलं आणि स्थानिक लोकांची मदत घेतली, असं मानण्यास जागा आहे, असा निष्कर्ष काढला. मार्गदर्शक फोनवर खूश झाले. म्हणाले, प्रबंधात जान आली.

जयाने मात्र ते पान वाचून विचारलं की ‘स्थानिक लोक’ म्हणजे ती म्हातारीच ना. आपल्याच माणसांना चोर ठरवायचं, आणि त्यांना ते कळणारही नाही? संघदीपला ते लागलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो छापलेलं पान घेऊन सावळपोडला गेला. राजकुमार होता, मानीबाई होती. त्याने सांगितलं की मी हे लिहिलंय आणि उद्या पाठवणार आहे, त्याआधी तुम्ही ऐकावं. आणि सोप्या भाषेत सगळं वाचून दाखवलं.

राजकुमार उठून उभा राहिला. मानीबाईने त्याला हाताने बसवलं.

“त्या मानसाले चोर म्हनतेत?” तिने विचारलं.

“त्याच्या देशात म्हणत होते. इथल्या कागदातही तसंच आहे,” संघदीप म्हणाला.

“अन् तो गप बसला?”

“मरेपर्यंत. काहीच सांगितलं नाही त्याने.”

मानीबाईने मुलाला दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि जे राजकुमारनेही कधी ऐकलं नव्हतं ते सांगू लागली.

त्या गोऱ्या बाईला सातवा महिना होता. रस्त्यावरच कळा सुरू झाल्या. ड्रायव्हर दिल्लीचा, घाबरलेला. धूर दिसला म्हणून त्याने गाडी आत वस्तीकडे घातली. मानी तेव्हा बाविशीची, तिची सासू सुईण. ड्रायव्हर पांढरकवड्याला जाऊन हात हलवत परत आला, दवाखान्यातले सगळे नसबंदीच्या शिबिराला गेले होते. तोपर्यंत मूल झालं होतं. मुलगा, वीतभर. थंडीचे दिवस. सासू म्हणाली, याला ऊब पाहिजे, चांगला कापूस आणा. साहेबाने गाडीतून पिशव्या आणल्या आणि फाडल्या. मानी आणि तिची जाऊ रात्रभर कपाशीतून सरकी काढत बसल्या. साहेबही बसला. त्याला जमत नव्हतं, बोटं सोलली, तरी उठला नाही. त्या कापसात गुंडाळून, शेगडीपाशी धरून मुलाला एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस जगवलं.

“मंग गेलं,” मानीबाई म्हणाली. “बाईच्या अंगात उठाची ताकद नोती. चार दिस आमच्या घरात होती. लेकराले आमच्याच मानसाईनं पुरलं, त्याच कापसात.”

संघदीपने विचारलं की मग हे कोणाला सांगितलं का नाही.

“त्यानंच हात जोडले. डायवरनं हिंदीत सांगतलं, सायेब म्हनते, सरकारले कळलं तं कागद होतीन, लेकराले उकरतीन, पेपरात फोटो येईन. बाईले ते सोसनार नाही. मंग ते दोघं आलते नागपूरचे. तीनदा आले. माह्या सासऱ्याले दोन दिस बसवून ठेवलं. कोनं तोंड उघडलं नाही. आमाले वाटलं, सायेबानं त्याच्या घरी तरी सांगतलं असन.”

सरकी कुठे गेली, हे संघदीपने शेवटी विचारलंच. विचारताना त्याला स्वतःची लाज वाटली. म्हातारीने सरळ सांगितलं की सरकी बकरीने खाल्ली.

घरी येऊन त्याने जयाला सांगितलं. मग तो म्हणाला की इनेसला कळवायला हवं, तिच्या वडिलांवरचा डाग जाईल. जयाने विचारलं, तिच्या आईने तिला सांगितलंच नसेल तर सांगणारा तू कोण? आणि ती विश्वास का ठेवेल? पुन्हा लिहू नका म्हणाली होती ना ती?

संघदीपने तीन दिवस घेतले. शेवटी त्याने फार थोडं लिहिलं. माझा तुमच्या वडिलांबद्दल गैरसमज होता. ते चोर नव्हते. ते चार दिवस कुठे होते ते मला कळलं आहे, पण ती गोष्ट तुमच्या आईची आहे. ऐकायची असेल तर सांगेन. नको असेल तर मी ती कुठेच लिहिणार नाही.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि लांब होतं. इनेस तेव्हा आठ वर्षांची होती, तिला दिल्लीत आयाजवळ ठेवलं होतं. आई प्रवासाला निघाली तेव्हा तिचं पोट मोठं होतं. आली तेव्हा नव्हतं. बाळाचं विचारल्यावर आयाने तोंडावर बोट ठेवलं. नंतर आई वारेपर्यंत घरात तो विषय निघालाच नाही. आईवडील एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे आणि ती आली की थांबायचे. मोठी झाल्यावर तिने स्वतःशी एक अर्थ लावला होता. मूल नको म्हणून वडिलांनीच आईला कुठेतरी नेलं, आणि बियाण्याची भानगड ही त्यावर पांघरूण घालायला होती. या संशयामुळे वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती दोनदाच भेटायला गेली होती. शेवटी लिहिलं होतं, मला सांगा. जे असेल ते सांगा.

त्याने व्हिडिओवर सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सोललेल्या बोटांचं आलं तेव्हा तिने स्क्रीनवरून तोंड फिरवलं. बराच वेळ नुसता तिचा खांदा दिसत होता. मग तिने विचारलं की ती जागा अजून आहे का. संघदीपला खोटं बोलवेना. रस्ता रुंद झाला तेव्हा ती बाजू खणली गेली होती, मानीबाईलाही आता नेमकी जागा दाखवता येत नव्हती. इनेसने मान हलवली. ती म्हणाली की मग मला त्या बाईंना भेटायचं आहे. पण आईने जे झाकलं ते पुस्तकात नको.

हे ऐकून राजकुमारने लगेच विचारलं की ती बाई एवढ्या लांबून नेमकी कशासाठी येणार, सोबत कोण असणार, पोलिसांना कळवावं लागेल का. मानीबाई त्याच्याकडे न बघता संघदीपला म्हणाली, “येऊ दे तिले. तिच्या बापाच्या वाट्याचं मले तिले सांगाचं हाय. तो लय रडला होता.”

इनेस फेब्रुवारीत आली. तीन दिवस राहिली. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. मधे बसून संघदीप सांगत होता, पण दुसऱ्या दिवशीपासून त्याची फारशी गरज पडली नाही. वस्तीतल्या काही जणांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की ही जमीन बघायला आली आहे.

प्रबंधातून ते प्रकरण संघदीपने काढलं. त्या जागी दोन वाक्यं घातली. राजदूत बेनावीदेस हे चार दिवस खाजगी कौटुंबिक कारणाने केळापूर तालुक्यात थांबले होते. नमुन्यांच्या गैरवापराचा आरोप निराधार आहे, याबद्दल संशोधकाची खात्री झाली आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. खात्री कशावरून झाली, साधन कोणतं, तळटीप का नाही? संघदीपने सांगितलं की साधन आहे, पण ते उघड करता येत नाही. मार्गदर्शकांनी त्याला टेबलाखालून पायाने खुणावलं. परीक्षकांनी विचारलं की राजदूताच्या कुटुंबाशी त्याचा पत्रव्यवहार आहे हे खरं का. त्याने हो म्हटलं. ती बाई इथे येऊन गेली, हे खरं का? तेही खरं होतं. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय आहे ते त्याला बरोबर कळलं. सावळपोडला जाताना आपलीही नजर अशीच होती, असं त्याच्या मनात आलं.

पदवी मिळाली, पण सहा महिने उशिरा, आणि अहवालात एक शेरा राहिला: ‘१९७६ च्या घटनेबाबत संशोधकाने माहिती दडवली असल्याचा संशय येतो.’ शेरा मान्य असल्याची सही करायला त्याला अमरावतीला बोलावलं. कारकुनाने सांगितलं की हरकत घ्यायची असेल तर वेगळा अर्ज आहे. संघदीप म्हणाला की हरकत नाही, आणि त्याने सही केली.