तीन झाडांचा उतारा

बाळासोंनी तुरीची शेवटची फांदी हातानं बाजूला केली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

मागं फौजदार वर्षाराणी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या. पंच म्हणून आणलेल्या माणसानं गांजाची झाडं बघून वा म्हणावं, हे काही पंचनाम्यात बसणारं नव्हतं. बाळासो ओशाळले. त्यांनी घसा खाकरला, उपरणं नीट केलं, पण नजर मात्र तिथून हलेना.

बायडाबाईच्या घरामागच्या परड्यात, गोठ्याच्या भिंतीला लागून तीन झाडं उभी होती. गोठ्याच्या कौलांच्या वर दोन हात गेलेली. बुंधा मनगटाएवढा. फांद्यांना फुलोऱ्याचे इतके जड घोस लागले होते की त्या मोडू नयेत म्हणून बायडाबाईनं काठ्यांचे टेकू दिले होते, आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी एकेक फांदी सैलसर बांधली होती. सकाळच्या उन्हात घोस चिकट चकाकत होते. वास सगळ्या परड्यात भरून राहिला होता. आणि हे सगळं कुठं, तर ज्या मुरमाड वस्तीत कुणाला आजवर धड मिरची आली नव्हती तिथं.

बाळासो साखर कारखान्याच्या काट्यावर एकतीस वर्षं कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आत ते वजन सांगायचे, आणि काटा बहुतेक वेळा त्यांचं ऐकायचा. रिटायर झाल्यावरही गावात म्हैस विकायची असो की भोपळ्यावरून पैज लागलेली असो, हाक बाळासोंनाच. म्हणून पोलिसांनीही त्यांनाच धरून आणलं होतं. दुसरा पंच दूध संस्थेचा सचिव पृथ्वीराज. संस्थेचा वजनकाटा घेऊन ये म्हणाले, म्हणून तो आला आणि आयताच सापडला.

बाळासोंच्या नजरेनं एव्हाना आपलं काम उरकलं होतं. मुळासकट चोवीस किलो. आकडा त्यांनी मनातच ठेवला. जीपमधून येताना हवालदार राजवर्धननं सहज सांगितलं होतं, "वीस किलोच्या वर गेलं की म्हातारीला जामीन अवघड हाय बघा."

म्हातारी गोठ्याच्या दारात उभी होती. सत्तरीची, काटकुळी, हाताला शेण. रडत नव्हती, गयावया करत नव्हती.

"कशाला लावलं हे, आजी?" मॅडमनी विचारलं.

"म्हशीच्या पोटफुगीला. सासऱ्याच्या येळेपास्नं पाला देतोय आमी."

"गुन्हा आहे, माहीत नव्हतं?"

"व्हतं की."

राजवर्धननं कपाळाला हात लावला. बायडाबाई आपल्याच नादात बोलत राहिली.

"उपटून टाकणार व्हते. पर वर आलं, फांद्या फुटल्या, मग हातच हुईना. माझ्या हाताला कंदी पीक आलं न्हाय, मॅडम. ऊस केला, भुईमूग केला, सगळं किडकं-मिडकं. ह्ये एकच आलं."

ऊस म्हटल्यावर बाळासोंनी मान खाली घातली. दर हंगामाला तिची एकच बैलगाडी काट्यावर यायची. बारीक ऊस, मोळ्या पोकळ. गाडीवरून उतरून ती पदर सावरत खिडकीशी यायची आणि विचारायची, "कसा हाय, भावजी?" बाळासो फक्त आकडा सांगायचे. काट्यावरच्या माणसानं कुणाच्या मालाला चांगलं म्हणू नये, वाईटही म्हणू नये, असा त्यांचा नेम होता. आकडा ऐकून ती मान हलवायची आणि बैल वळवायची.

राजवर्धननं झाडं मोजली, उंची मापली, फोटो काढले. मग बुंध्याला मिठी घालून एकेक झाड हिसडून उपटलं. मुळांना मातीचे हे मोठे गड्डे. तिन्ही झाडं त्यानं तशीच मुडपून, दोरीनं बांधून काट्यावर टाकली.

"तेवीस किलो नऊशे," पृथ्वीराज म्हणाला.

आपला अंदाज बरोबर आला याचं बाळासोंना जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं.

मॅडमनी पेन उघडलं. बाळासो गप्प राहिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. काटा खोटं बोलत नव्हता. एकतीस वर्षं ते काट्याच्याच बाजूनं उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना जरा मोठा वाटला, "ह्ये वजन कशाचं लिवताय?"

"कशाचं म्हणजे? गांजाचं."

"मग माती कशाला तोलायची? कारखान्याला ऊस येतो, तवा मुळी न्हाय, शेंड्याचं वाढं न्हाय, पाचट न्हाय. माती दिसली की मी गाडी माघारी लावायचो. पुढाऱ्याची गाडी आसली तरी. मी सही करायची तर खऱ्या मालावर करणार. न्हायतर दुसरा पंच बघा."

राजवर्धन हसला. "आजोबा, ह्यो काय साखर कारखाना हाय व्हय?"

मॅडम हसल्या नाहीत. काट्यावरच्या त्या गाठोड्याकडं, मुळांतून गळणाऱ्या मातीकडं त्यांनी पाहिलं. मग पेनचं टोपण लावून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. कायद्यातही गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडेच. झाडं तीन, ते वर लिहिलंय. आता शेंडे वेगळे काढा आणि तेवढेच तोला."

बाळासोंच्या जिवात जीव आला.

राजवर्धन विळा घेऊन बसला खरा, पण शेतकामाशी त्याचा काही संबंध नसावा. निम्मी फांदी तोडत होता, निम्मे घोस चुरगाळत होता. बायडाबाईनं चार घाव कसेबसे सोसले.

"आरं तसं न्हवं! दे हिकडं."

तिनं विळा काढून घेतला. राजवर्धननं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मानेनंच असू दे म्हटलं.

बायडाबाई मांडी घालून बसली. डाव्या हातात घोस अलगद धरायचा, देठाशी विळ्याचा नेमका एक झटका, घोस पोत्यावर. पान नको तिथं पान नाही, काडी नको तिथं काडी नाही. पोत्यावर ढीग वाढत चालला. पृथ्वीराजनं मोबाईल खिशात टाकला. राजवर्धन उकिडवा बसून बघायला लागला. आपण काय कापतोय आणि ते कुठं जाणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पीक हाताशी आलं होतं आणि ते नीट काढायचं होतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"झालं," राजवर्धन म्हणाला आणि पोत्याची टोकं उचलायला लागला.

"थांब की. ही ऱ्हायली न्हवं का."

खालच्या फांद्यांना, पानांआड, बारके बारके घोस होते. कुणाच्याच लक्षात आले नव्हते. बाळासोंच्या लक्षात आले होते, पण ते आभाळाकडं बघत होते. बायडाबाईनं त्यांतला एक एक शोधून काढला, कापला आणि पोत्यावर ठेवला. रानात माल सोडून उठायची तिला सवय नव्हती. आपल्याच गुन्ह्याचं वजन ती आपल्याच हातानं वाढवत होती, आणि तिला थांबवावं असं कुणाला वाटलं तरी ते सांगायचं कसं, हे कुणालाच कळलं नाही.

पोतं काट्यावर गेलं. बाळासोंचा अंदाज साडेपाचचा होता.

"पाच किलो सहाशे," पृथ्वीराजनं सांगितलं.

मॅडमनी आकडा लिहिला. लाख वितळली, सील लागलं. बाळासोंनी आणि पृथ्वीराजनं सह्या केल्या. बायडाबाईनं हात धुतले, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि जीपकडं निघाली. बाळासोंच्या समोर आल्यावर ती थांबली. पदर सावरला.

"कसं हाय, भावजी?"

तोच प्रश्न, तोच आवाज. मॅडमनी वर पाहिलं. बाळासोंच्या ओठांवर सवयीनं आकडा आला होता. तो त्यांनी गिळला.

"सोळा आणे पीक हाय, वैनी," ते म्हणाले, पोलिसांना, पृथ्वीराजला, तुरीपलीकडं जमलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "एकतीस वर्सं काट्यावर काढली. आसलं पीक मी बघितलं न्हाय."

बायडाबाईनं नेहमीसारखी मान हलवली. फक्त या वेळी ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग कुणाचा हात न धरता जीपमध्ये चढली आणि आतून म्हणाली, "दुपारी म्हशीला पाणी दावा तेवढं."

जीप ठाण्याकडं, मलकापूरच्या दिशेनं गेली. माणसं पांगली. बाळासो घरी गेलेच नाहीत. ऊन कलायला लागल्यावर त्यांनी बादली भरून म्हशीपुढं ठेवली. ती पाणी पीत होती तोवर ते भिंतीशी गेले. तीन खड्डे होते. टेकूच्या काठ्या अजून उभ्या होत्या, चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. ते खाली बसले, खड्ड्यातली मूठभर माती घेतली, बोटांनी कुस्करून पाहिली, नाकाशी नेली.

सगळ्यांच्या परड्यात असते तसलीच होती.