पासवर्डांची वही

चमनभाईंच्या दुकानातून नवा फोन घेतला की तो वापरायला तयार करूनच हातात मिळायचा. कोल्हापुरात पापाची तिकटी या चौकाजवळच्या त्या एवढ्याशा गाळ्यात वीस वर्षं हीच रीत होती. गिऱ्हाइकाचा चहा संपेस्तोवर चमनभाई त्याचं ईमेलचं खातं उघडायचे, पासवर्ड स्वतःच ठरवायचे, खात्याला दुकानाचा नंबर जोडायचे आणि सगळं हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवायचे. माणसं पासवर्ड विसरणारच, असं त्यांचं ठाम मत होतं. विसरलेली माणसं मलकापूर-आजऱ्याहून एसटीनं यायची, नाहीतर फोन करायची. चमनभाई बोटाला थुंकी लावून पान उलटायचे आणि पासवर्ड वाचून दाखवायचे, एका पैशाची अपेक्षा न ठेवता.

त्यांची मुलगी जोया कॉम्प्युटरचा कोर्स करून दुकानात बसायला लागली, तेव्हापासून ती या वहीच्या मागं लागली होती. "अब्बा, ही वही एक दिवस गोत्यात आणंल," ती म्हणायची. चमनभाई हसायचे. कालची पोर, तिला दुकानदारी काय कळते, असा त्या हसण्याचा अर्थ असायचा.

मंगळवारी सकाळी शटर उघडून अगरबत्ती लागते न लागते तोच अनुजा आली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती मालाच्या तपासणीचं काम करायची. तिचे वडील हंबीरराव हे चमनभाईंचे जुने दोस्त. तिचा फोनही त्यांनीच तीन वर्षांपूर्वी इथून घेऊन दिला होता, आणि गेल्या वर्षी ते वारले तेव्हा चमनभाई दोन दिवस दुकान बंद ठेवून बसले होते.

"मामा, फोनात कायतरी हाय," अनुजा म्हणाली. "ऋतुराजला माझं सगळं कळतंय."

ऋतुराज तिचा नवरा. दिवाळीपासून ती त्याच्यापासून वेगळी राहत होती आणि हे तिनं फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. चमनभाईंनाही ते आत्ताच कळलं. ऋतुराज मारझोड करणारा नव्हता, आवाजही चढवायचा नाही. तो फक्त हजर व्हायचा. ती वकिलाकडून खाली उतरली की समोरच्या रसाच्या गाड्यावर उभा. "आज लवकर सुटलीस," एवढंच म्हणायचा. मैत्रिणीला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं तिला ऐकवायचा आणि हसायचा.

"दोनदा फोन पुसून कोरा केला," ती म्हणाली. "दोन्ही येळंला तुमालाच पासवर्ड इचारला की फोनवर. तरी तेच. आता पुण्यात नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय. नव्या खोलीचा पत्ता त्याला कळला, तर पुणं काय आन् कोल्हापूर काय, मला सारखंच."

चमनभाईंनी फोन घेतला. एकेक अॅप उघडून बघितलं, परवानग्या बघितल्या, फोन लॅपटॉपला जोडूनही तपासला. अर्ध्या तासानं त्यांनी चष्मा काढला. फोनात काहीच नव्हतं.

जोया शेजारच्या खुर्चीवरून बघत होती. "ताई, बॅकअप चालू हाय नव्हं?"

"हाय की. मामांनीच चालू करून दिलंय."

"मग फोनात काय घावणार? फोनातलं सगळं रोज तुमच्या खात्यात वर जाऊन बसतंय. फोटो, मेसेज, कुठं गेला-आला ते बी. खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडं, त्याला तुमच्या फोनला हात लावायची गरजच न्हाय. असली सॉफ्टवेअर इकत मिळत्यात. घरबसल्या बॅकअप उघडून दावत्यात." तिनं फोनकडे बोट केलं. "तुमी घराचं कुलूप बदलत बसलाय ताई, आन् सामान सगळं गोदामात."

तिनं अनुजाचं खातं उघडून ते कुठकुठल्या यंत्रांवर चालू आहे ते दाखवलं. एक अनुजाचा फोन. दुसरा एक कॉम्प्युटर, फेब्रुवारीपासून. अनुजाकडे कॉम्प्युटर नव्हता.

"पासवर्ड कुणाकुणाला म्हाईत हाय?" जोयानं विचारलं.

"वर्षाराणीला," अनुजा खाली मान घालून म्हणाली. "दुसरं कोण असणार? माझा फोन सारखा तिच्याच हातात असायचा."

वर्षाराणी तिच्या कंपनीतली मैत्रीण. सहा वर्षं दोघी एका बसनं गेल्या, एका डब्यातलं जेवल्या. सगळं ठाऊक असलेली ती एकटीच, म्हणून चुगली तिचीच असणार असं अनुजानं धरून चाललं होतं. "भरल्या बसमध्ये बोलले तिला. नको नको ते बोलले. आता ती दुसऱ्या शिफ्टला गेलीय. माझा फोन बी उचलत न्हाय."

चमनभाई फेब्रुवारी या शब्दापाशीच अडकून पडले होते. फेब्रुवारीत ऋतुराज दुकानात आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, त्यांचे शेवटचे फोटो अनुजाच्या खात्यात आहेत, मोठी फ्रेम करून तिला अचानक द्यायचीय, तिला बोलू नका, असं म्हणाला होता. हंबीररावांचं नाव ऐकून चमनभाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी वही उघडून पासवर्ड वाचून दाखवला. मग दुकानाच्या नंबरावर कोड आला, तोही सांगितला. वर जावयाचं कौतुक केलं.

त्या दिवशी जोया दुकानात नव्हती. म्हणजे हे कुणालाच माहीत नव्हतं. आता पासवर्ड बदलला की विषय संपणार होता. अनुजा सोमवारी पुण्याला जाणार, आणि वीस वर्षांचं नाव जिथल्या तिथं राहणार. चमनभाईंच्या मनात हे आलं, आणि आलं याचीच त्यांना लाज वाटली. कारण त्यांनी तोंड मिटून घेतलं, तर वर्षाराणी जन्मभर चुगलखोर ठरणार होती.

"वर्षाराणीनं न्हाय दिला पासवर्ड," ते म्हणाले. "मी दिला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. काही झाकलं नाही. जोयानं तोंड उघडलं आणि मिटलं. ही वेळ 'मी म्हणत होते ना' म्हणायची नव्हती, तेवढं तिला कळत होतं.



"बाबांच्या फोटोसाठी?" अनुजानं विचारलं.

"व्हय."

"मला फ्रेम मिळाली न्हाय, मामा."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चमनभाईंना वाटलं.

"आता काय करायचं ते करा," अनुजा जोयाकडे वळून म्हणाली.

जोयानं आधी त्या अनोळखी कॉम्प्युटरच्या नोंदीचे फोटो काढून घेतले, वकिलाला दाखवायला. मग खात्यातून दुकानाचा नंबर काढून अनुजाचा स्वतःचा नंबर घातला आणि पासवर्ड बदलायचं पान उघडून फोन अनुजाच्या हातात दिला. "दुसरीकडं कुठंच वापरला नसंल असा टाका. आमाला सांगू नका."

चमनभाई उठले आणि मोबाइलची कव्हरं टांगलेल्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वीस वर्षांत गिऱ्हाइकाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाठ केली होती.

पुढचं पटापट झालं. अनुजाचा फोन सोडून सगळीकडून खातं बंद केलं. नव्या ठिकाणी खातं उघडायचं तर आधी अनुजाच्या फोनवर विचारणा येईल, अशी सोय केली. जुना बॅकअप पुसला आणि चॅटच्या बॅकअपला वेगळी किल्ली लावली.

"मामा," अनुजा म्हणाली, "वर्षाराणीला तुमी फोन लावा. जे मला सांगितलं, ते तिला बी सांगा."

चमनभाईंनी तिनं सांगितलेला नंबर फिरवला. अनोळखी बाईसमोर आपला मूर्खपणा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, हे त्यांना जड गेलं. पण सांगितला. सगळं ऐकून वर्षाराणी म्हणाली, "तिला द्या फोन."

अनुजा फोन घेऊन पायरीवर गेली. काय बोलली ते आत ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा डोळे पुसून आली होती. फोन काउंटरवर ठेवून म्हणाली, "रविवारी सामान बांधायला येतीय ती." आणि येते असं न म्हणताच निघून गेली.

जोयाला वाटलं, आता अब्बा वही फाडतील. चमनभाईंनी वही पुढ्यात ओढली, पहिलं पान उघडलं आणि फोन उचलला. पहिलं नाव आजऱ्याच्या अंबूबाईंचं होतं.

"अंबूबाई, कोल्हापूरचा चमन मोबाइलवाला बोलतोय. तुमचा पासवर्ड मला म्हाईत हाय. तेवढा बदलून घ्या."

"आगं बया," अंबूबाई म्हणाल्या, "आन् मी इसरले तर कुणाला इचारू?"

"मला इचारू नका," चमनभाई म्हणाले. त्यांनी ती ओळ शाईनं गिरगटून टाकली आणि बोट दुसऱ्या नावावर ठेवलं.