मास्तरांचं भाकीत

"क्लच, बाई, क्लच दाबा!" मास्तर ओरडेपर्यंत गाडीने दोन आचके दिले आणि ती चौकाच्या मधोमध बंद पडली. पाठीमागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

ड्रायव्हिंग शिकवण्यात मास्तरांचे केस पांढरे झाले होते, पण जीव मात्र गाण्यात अडकलेला. दरवर्षीच्या त्या आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेचं त्यांना वेड होतं. घरच्यांचे कान किटेपर्यंत ते सगळ्या देशांची गाणी ऐकत आणि अंतिम फेरीआधी विजेत्याचं नाव छातीठोकपणे जाहीर करत. आजवर एकदाही बरोबर आलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांची आवडती गायिका ऐन मंचावर शब्द विसरली, त्याआधीचा पठ्ठ्या पायऱ्यांवरून घसरला. "भाऊजींनी ज्याच्या पाठीवर हात ठेवला, तो पाठीवरच आपटला," असं त्यांचा मेहुणा गावभर सांगत फिरे. म्हणूनच की काय, यंदा इथल्या रेडिओवाल्यांनी त्यांना अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी भाकीत सांगायला बोलावलं होतं.

आणि त्याच्या आदल्या दिवशी चौकात गाडी बंद पाडून बसल्या होत्या त्या नर्सबाई. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या गाडी शिकत होत्या. त्यांचीच लेक यंदा देशातर्फे अंतिम फेरीत गाणार होती.

"मास्तर, एक मागणं आहे," किल्ली फिरवायचं सोडून बाई म्हणाल्या. "उद्या माझ्या लेकीचं नाव घेऊ नका."

"अहो, पण तीच जिंकणार! शेवटच्या कडव्याला वाद्यं थांबतात आणि ती एकटी गाते ना, तिथे भल्याभल्यांची दांडी गुल होणार."

"तेच! तेच बाहेर बोलू नका."

"म्हणजे मी पनवती?"

"असं मी म्हटलं का?"

"बाई, उभा जन्म तुम्ही इंजेक्शनं दिलीत आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवता?"

"नाही ठेवत," बाई म्हणाल्या. गाडी बंद असूनही त्यांनी क्लच घट्ट दाबून धरला होता. "पण लेक माझी आहे ना."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "अहो, घ्या की दुसऱ्या कुणाचं नाव. तसंही चुकणारच आहात."

दुसऱ्या दिवशी रेडिओवर निवेदिकेने विचारलं तेव्हा बाईंच्या लेकीचं नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण बंद गाडीत क्लच दाबून बसलेल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. मास्तरांनी उत्तरेकडच्या बर्फाळ देशाच्या जुळ्या भावांचं नाव घेतलं. त्यांचं गाणं मास्तरांना झाकण न लावता फिरवलेल्या मिक्सरसारखं वाटायचं. तरीही त्याचं तोंड भरून कौतुक करावं लागलं. स्वतःच्या कानांशी इतकी बेइमानी त्यांनी कधी केली नव्हती.

संध्याकाळी बाईंची लेक गायली. शेवटच्या कडव्याला सभागृह चिडीचूप झालं. निकाल लागला आणि अख्ख्या गल्लीत आरोळी उठली. ती जिंकली होती!

मेहुणा हसून हसून सोफ्यावरून खाली आला. "भाऊजी, परंपरा राखलीत!"

"अरे, मला माहीत होतं! कालच बोललो होतो मी!"

"हो हो, वरातीमागून घोडं!"

मास्तरांनी झटकन नर्सबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बाई, अभिनंदन! आता माझ्या मेहुण्याला एकदा सांगा, मी काल कुणाचं नाव घेतलं होतं."

"मास्तर!" बाई रडत होत्या की हसत होत्या, कळेना. "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही त्या जुळ्यांचं नाव घेतलंत आणि बिचारे तळाला गेले हो!"

"ती गाण्यामुळे जिंकली, बाई! गाण्यामुळे!"

"गाणं तर आहेच. पण पुढच्या वर्षीही असंच सांभाळून बोला हं."

मेहुण्याला ठसका लागला. बायकोने तोंडाला पदर लावला.

"बरं, उद्याच्या तासाला विमानतळावर जाऊ या," बाई पुढे म्हणाल्या. "लेकीला घ्यायला गाडी मीच चालवणार. तुम्ही शेजारी बसा. नीट पोचू ना हो आपण?"

मास्तरांच्या तोंडून 'हो' निघणारच होतं, पण त्यांनी ते वेळीच आवरलं.

"ते मी सांगणार नाही," ते म्हणाले.