निरभ्र हवामान

मास्तरांनी जॉयस्टिक टेबलावर आपटली आणि पडद्यावरचं विमान धावपट्टी सोडून शेजारच्या शेतात तोंडावर पडलं.

"धुकं! एवढा मोठा गेम बनवला लोकांनी आणि सगळा धुक्यात. विमान उतरवायचं कुठे, डोंबलावर?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको दारातूनच म्हणाली. तिच्या हातात वाटाण्याच्या शेंगांचं ताट होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. अर्धं शहर त्यांच्याकडून गाडी चालवायला शिकलं होतं. नवशिक्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा जादा ब्रेक ठेवायचा आणि समोरून ट्रक आला तरी आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा धंदा. तो माणूस हल्ली खेळण्यातल्या विमानावर डाफरू लागला होता.

"जुन्यात बघ, कसं स्वच्छ दिसायचं सगळं."

हे आता रोजचंच झालं होतं. जुना म्हणजे त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातला, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर. कॅसेट लावली की तो किरकिर करत गेम आत घ्यायचा. तेवढ्यात चहा व्हायचा आणि पिऊन कपही विसळून व्हायचे. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. आडवी रेघ म्हणजे क्षितिज, तीन त्रिकोण म्हणजे डोंगर, लांबट चौकोन म्हणजे धावपट्टी. बाकीचं जग ज्याचं त्याने मनात भरून घ्यायचं. विमान मास्तर चालवायचे. उंची मोठ्याने वाचणं आणि चाकांचं बटण दाबणं ही कामं नव्या नवरीकडे. एकदा ती चाकं विसरली आणि विमान पोटावर घसरत गेलं. ते मास्तरांनी आजतागायत सोडलं नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचे, "चाकं विसरलीस."

नवा गेम लेकीने वाढदिवसाला पाठवला होता. त्यात काय नव्हतं! झाडांना पानं होती, खालच्या रस्त्यांवर मोटारी पळत होत्या. सगळी बटणं जॉयस्टिकवरच, त्यामुळे शेजारच्या खुर्चीचं काही काम उरलं नव्हतं. तिथे इस्त्रीचे कपडे साठू लागले होते. मास्तरांनी हट्टाने लेकीकडून तो जुना गेमही त्याच कॉम्प्युटरवर बसवून घेतला होता. त्या रेघांवर ते आजही असं विमान टेकवायचे, की पाळण्यात झोपलेलं बाळ ठेवावं.

"बघ! हात गेलेला नाही माझा," असं वर म्हणायचे. म्हणताना हसायचे मात्र नाहीत.

सकाळी मास्तर गाडीची किल्ली घेऊन कामावर गेले. तिने पडदा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून लेकीला फोन लावला.

"अगं, त्या विमानातलं धुकं कमी कुठे करायचं? तुझे बाबा डोकं खातात माझं."

"धुकं? आई, मी हवामान निरभ्र करून दिलंय. तिथे धुकं नाहीच आहे."

"नीट बघ."

"तूच बघ ना. तुझ्यासमोर आहे."

तिने गेम सुरू केला आणि चष्मा लावला. वर ऊन, खाली धावपट्टी, धावपट्टीवर रंगवलेले मोठे पांढरे आकडे. कडेच्या गवतावर विमानाची सावलीसुद्धा स्वच्छ पडली होती.

लेक पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती. हिचा पाय मात्र फरशीवर घट्ट दाबला गेला होता, जणू तिथे ब्रेक होता. हा माणूस या वेळी रस्त्यावर होता. शेजारी कुणाचं तरी पोर स्टिअरिंग धरून बसलं होतं.

दुपारी मास्तर घरी आले, जेवले आणि नेहमीप्रमाणे विमानात जाऊन बसले. तिने खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि शेजारी बसली.

"काय गं?"

"उंची वाचायला आले."

"आता लागत नाही ते. पडद्यावरच असतं लिहिलेलं."

"मग वाचा बरं."

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. विमान आपलं आपण खाली चाललं होतं. आकडे चांगले ठळक होते, पण मास्तरांच्या तोंडून एकही निघाला नाही. शेवटी त्यांनी जॉयस्टिकवरून हात काढून मांडीवर ठेवला.

"बाबांचंही असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले.

तिचे सासरे शेवटची वर्षं भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत यायचे. काचबिंदू. तो शब्द या घरात कुणी उच्चारत नसे.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली.

"आणि तेच निघालं तर?"

"तर मी वाचेन."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवे मारले, थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, पुन्हा थेंब घातले. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्सचा बंद पिळत बसली होती.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?"

"आणि... दुसरं काही?"

"दाब तपासला, मागची नसही बघितली. काचबिंदू नाही. ऑपरेशन करू, स्वच्छ दिसेल."

तिचा जीव भांड्यात पडला. पण भांडं अजून हलत होतं, कारण बाईंनी लगेच विचारलं, "गाडी चालवत नाही ना सध्या?"

"छे. कधीची सोडली. शिकवायलाही बसत नाही. भागीदार बघतो सगळं."

ती स्टुलावरून उठली. "मग रोज सकाळी किल्ली घेऊन कुठे जाता?"

"मैदानाच्या कट्ट्यावर." मास्तरांनी तिच्या दिशेने तोंड केलं. थेंबांमुळे बाहुल्या एवढाल्या झाल्या होत्या. "पोरं गाडी फिरवतात, मी आवाज ऐकतो. क्लच लवकर सोडला की ओरडतो. दुसऱ्याच्या लेकराला घेऊन आंधळ्याने रस्त्यावर जायचं असतं का?"

तिला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि दोन शिव्याही द्याव्याशा वाटल्या. डॉक्टरीणबाई समोर असल्याने दोन्ही राहिलं.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला म्हटलं, नाचता येईना."

"बरोबरच म्हणालीस. अंगण सरळच होतं."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मागे दोन म्हातारी होऊ घातलेली माणसं डोळे पुसत हसत होती. त्यातलं एक निदान औषधामुळे पुसत होतं.

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, आणि मास्तर पुन्हा विमानात बसले. ती शेजारी होती, हात मांडीवर. धावपट्टी आली, पांढरे आकडे आले, गवतावरची सावली वर येऊन चाकांना भेटली. धक्कासुद्धा जाणवला नाही.

"झाडांना पानं आहेत गं," मास्तर म्हणाले.

"आहेतच. चला, आता माझं काय काम," म्हणून ती उठली. पलंगावर इस्त्रीचे कपडे पडलेच होते.

"थांब."

मास्तरांनी विमान पुन्हा हवेत नेलं. मग हवामानाचं पान उघडलं, धुक्याची खूण सापडली आणि ती माऊसने पार शेवटपर्यंत सरकवली. पडदा दुधासारखा पांढराफटक झाला. झाडं गेली, धावपट्टी गेली, उरले ते कोपऱ्यातले उंचीचे आकडे. चाकांचं बटण कीबोर्डवरही होतं; तो त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"हं. उंची सांग."

ती खुर्ची ओढून बसली. चष्मा नाकावर नीट बसवला. एकेक आकडा ती वाचत गेली, घाई न करता, आणि ते खाली येत गेले.

"चाकं?" मास्तरांनी विचारलं.

"कधीच खाली आहेत. तुम्ही समोर बघा."