पोकळ म्हणून लिहिलेलं झाड

"काका, तुम्ही कधी चुकून भलतंच झाड तोडलंय का?"

हे विचारायची पैज माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती, लांबू आणि चष्मिशने. विचारलं तर आठवडाभर वर्गातली खिडकीजवळची जागा माझी. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. यंदा वक्तृत्वात बक्षीस मिळालं आणि तोंडाचं कुलूप निघालं. आई म्हणते, किल्लीही हरवली.

नगरपालिकेचे झाडं तोडणारे काका आमच्या गल्लीतल्या मोठ्या झाडाला दोर बांधत होते. बुंध्यावर लाल फुली होती. मला वाटलं, हाकलून देतील. पण त्यांनी दोर सोडला, बाहीला घाम पुसला आणि म्हणाले, "दोन."

मागे खिदळणाऱ्या दोघी पुढे सरकल्या.

ती दोन्ही झाडं कागदावर पोकळ होती म्हणे, आणि आडवी झाल्यावर गाभ्यापर्यंत घट्ट निघाली. तेव्हापासून काका आधी ठोकून बघतात. त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली, बुंध्यावर तीन-चार ठिकाणी ठोकलं आणि मला कान लावायला सांगितला. आवाज बसका, भरीव, भिंतीवर थाप मारल्यासारखा. मग गाडीतल्या एका जुन्या ओंडक्यावर ठोकून दाखवलं. तो रिकाम्या डब्यासारखा वाजला.

"मग हे तोडू नका ना," मी म्हटलं.

"मी हुकमाचा माणूस, बाळा. ज्यानं तक्रार केली त्यानंच लिहून मागे घेतली, तर थांबतं. तसं पत्र माझ्या हातात दिलं तरी चालतं. आज मी दोर लावून जातोय. उद्या सकाळी पहिलं हेच."

तक्रार कोणाची, हे सांगायला त्यांना बंदी होती. 'कारण तेवढं वाच,' म्हणत त्यांनी खिशातला कागद उघडला आणि नाव अंगठ्याखाली झाकलं. 'झाड आतून पोकळ असून कधीही पडू शकते.'

अंगठ्याला उगाच त्रास दिला त्यांनी. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांच्या ळ चं पोट गरगरीत असतं आणि शेपूट ब्रशनं ओढल्यासारखं निमुळतं, अगदी बॉलपेननं लिहिलं तरी. ते अक्षर मी माझ्या पहिल्या वहीच्या कव्हरपासून बघतेय.

लांबूने विचारलं, काय झालं? काही नाही, म्हटलं. आणि तडक बाबांच्या दुकानाकडे वळले.

बाबांचं दुकान झाडाच्या बरोब्बर मागे आहे. वर त्यांची स्वतःची पाटी, महिनाभर खपून रंगवलेली, सोनेरी किनारीची. समोरून बघितलं तर नुसती पानं दिसतात. छापील बोर्ड आल्यापासून तशीही कामं कमी झालीत. गेल्या आठवड्यात एक बाई दुकान शोधत दोन चकरा मारून शेवटी कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे गेल्या. त्या दिवशी बाबा धड जेवले नव्हते.

मी आत गेले तेव्हा ते ब्रश धूत होते. आईही नुकतीच दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली होती, पर्स अजून खांद्यालाच. मी सगळं एका दमात सांगितलं. बाबा चिडतील अशी तयारी करून गेले होते, पण ते ब्रशच धूत राहिले. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

मग म्हणाले, "फांद्या छाटा म्हणून दोन अर्ज दिले होते मी. कोणी फिरकलं नाही. पोकळ लिहिलं, तर चार दिवसांत आले."

हे मला माहीत नव्हतं. रागाची अर्धी हवा तिथेच गेली.

आईने पर्स उतरवली आणि शांतपणे विचारलं, "आणि मोठ्या पाट्या कुठे रंगवणार? उन्हात?"

बाबांनी दाराबाहेर पाहिलं. मोठी पाटी दुकानात मावत नाही, म्हणून ते ती झाडाच्या सावलीत टेकवून रंगवतात. उन्हात रंग ब्रशवरच सुकायला लागतो, हे त्यांनीच मला शिकवलंय.

"एवढा विचार नाही केला," ते पुटपुटले. मी पूर्वी हजेरी द्यायचे ना, अगदी तसे.

पण माझं कुलूप निघालंय ते निघालंय.

"बाबा, आई, माझं ठरलंय," मी म्हटलं. "पाटी वरून काढून शटरच्या बाजूला, फांद्यांच्या खाली लावायची. नवी लागली तर अक्षरं तुम्ही आखा, रंग मी भरते. आणि उद्या सकाळी ते काका यायच्या आधी मी झाडाखाली उभी असणार, शाळा बुडाली तरी. मी त्यांना सांगणार आहे की तक्रार आमच्या घरची होती आणि झाड भरीव आहे. पत्राशिवाय ते ऐकणार नाहीत, तरी मी सांगणार. पण तुम्ही पत्र लिहून बरोबर आलात, बाबा, तर मला जास्त आवडेल."